पत्त्यांतला जोकर आधी फ्रीजवर लाव

या आठवड्याचं पत्र शिरपूरहून आलंय. मोठं होतं, मी थोडं कापून देतेय, बाकी शब्द तिचेच.

"मावशी, मी ३१ वर्षांची आहे, माहेर शहाद्याकडचं, सासर शिरपूर. मला जोकरची भीती वाटते, प्लीज हसू नका. सहा वर्षांची असताना पप्पांनी सारंगखेड्याच्या यात्रेत सर्कस बघायला नेलं, आम्ही अगदी पुढे बसलो होतो, तर जोकर आला आणि मला उचलून खांद्यावर टाकून मधोमध घेऊन गेला. मी सोड सोड ओरडत होते पण बँड वाजत होता, कोणाला ऐकूच आलं नाही. माझा फ्रॉक ओला झाला. सगळे हसले, पप्पा पण हसले, आणि ते आजही पाहुणे आले की ही गोष्ट हसून हसून सांगतात. आता जानेवारीत जाऊबाईंच्या मुलाच्या बर्थडेला लॉन्सवर इव्हेंटवाल्यांचा जोकर आला, तो माझ्या पोराकडे वळला तशी मी पोराला उचलून आतल्या रूममध्ये कडी लावून बसले, केक कापला, जेवणं झाली, तरी बाहेर आले नाही. सासूबाई म्हणाल्या नाटकं आहेत. दीर आता फॅमिली ग्रुपवर जोकरचे फोटो टाकतात. आम्ही पत्ते खेळतो तेव्हा पण जोकर मी काढून उलटा ठेवते. आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) माझा मुलगा तीन वर्षांचा होईल आणि दिराने त्याच्या बर्थडेला तोच जोकर सांगून ठेवलाय. मिस्टरांना यात्रेचं मी कधीच सांगितलेलं नाही. मला वेड लागलंय का? आणि एक, तमाशातल्या सोंगाड्याची मला कधीच भीती वाटली नाही, उलट खूप हसायचे, मग हे असं का?"

बेटा, वेड अजिबात लागलेलं नाही. सर्कशीचं नाव तू लिहिलंस ते मी काढून टाकलंय, पण बाकी सगळं ठेवलंय कारण तुझ्या पत्रात जे शेवटी सहज लिहिलंयस ना, सोंगाड्याचं, त्यातच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, आणि ते तू स्वतःच लिहिलंयस.

सोंगाड्याचा चेहरा दिसतो गं. तो चिडला की चिडलेला दिसतो, घाबरल्याचं सोंग करतो तेव्हा डोळे मोठे करतो, आपल्याला कळतं आता हा काय करणार. जोकरचं तसं नाही. पांढरा रंग, कानापर्यंत लाल ओठ, त्याच्या आत खरं तोंड काय करतंय ते दिसतच नाही. आपण माणूस जवळ आला की आधी त्याचे डोळे आणि तोंड बघतो, आणि हा रागावलाय की प्रेमात आहे की दारू पिऊन आलाय ते एका क्षणात ओळखतो, लहान मुलं तर यावरच जगतात. तू सहा वर्षांची, खांद्यावर उलटी लटकलेली, रडतेयस, ओरडतेयस, आणि समोरचा चेहरा हसतोच आहे. रंगवलेलं हसू, ते तू रडलीस म्हणून बदलणार थोडंच होतं. तुझ्या जिवाने त्या दिवशी एक हिशोब केला की हा असा चेहरा आहे ज्याला माझं रडणं पोचत नाही. सहा वर्षांच्या पोरीने याहून वेगळा काय हिशोब करायचा होता मला सांग.

आणि हे मी मनाने सांगत नाहीये. वेल्समधल्या एका विद्यापीठाने ६४ देशांतल्या ९८७ मोठ्या माणसांना विचारलं होतं जोकरबद्दल, त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी थोडीफार तरी भीती वाटते असं सांगितलं आणि साधारण ५ टक्के लोकांनी प्रचंड भीती वाटते असं सांगितलं. का वाटते हे पण विचारलं, तर सगळ्यात वरचं कारण हेच निघालं, रंगाखाली चेहऱ्यावरचे भाव लपतात, कळत नाहीत. दुसरं म्हणजे जोकर कधी काय करेल याचा नेम नसतो. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या विद्यापीठाने २००८ मध्ये अडीचशेहून जास्त मुलांना विचारलं की हॉस्पिटलच्या भिंतींवर जोकरची चित्रं लावली तर कसं वाटेल, तर ती मुलांना आवडलीच नाहीत. मोठ्यांना वाटत होतं पोरं खूश होतील! हे तू तुझ्या सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवावंस असं मी म्हणेन, त्यांना खाली पाडायला नाही, त्यांनाही बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलं नसतं म्हणून.

आता उरलेलं अर्धं उत्तर, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुला त्या दिवशी जोकरने घाबरवलं हे खरं, पण धसका बसला तो सगळे हसले म्हणून. तू सोड म्हणालीस आणि कोणी सोडलं नाही, ज्या एका माणसाकडे तू बघितलं असशील तो पण हसत होता. तुझे पप्पा वाईट नाहीत, ते हौसेने पोरीला यात्रेत घेऊन गेले, पुढच्या खुर्च्यांचे जास्तीचे पैसे मोजले असतील, आणि त्या काळात सगळेच बाप असे हसायचे. तो जोकर पण वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही, दिवसाला दोन तीन खेळ, लोकांना हसवायचं, पोट भरायचं, त्याला वाटलं असेल पोरगी लाजतेय. पण तुझं भिणं खोटं नव्हतं आणि ते पंचवीस वर्षं चेष्टेचा विषय झालंय, आता दिरांच्या ग्रुपवर पण तेच चाललंय, म्हणजे बघ, ती यात्रा अजून उठलेलीच नाहीये.

म्हणून पहिलं काम जोकरचं नाही, घरातलं आहे. मिस्टरांना सांग. रात्री पोरगं झोपलं की, टीव्ही बंद करून, सारंगखेड्याचं सगळं सांग, फ्रॉकचं सुद्धा सांग, ते सांगायलाच तुला सगळ्यात जड जाईल मला माहितीये. आणि त्यांच्याकडून एकच काम मागायचं, ग्रुपवरचे फोटो त्यांनी त्यांच्या भावाला सांगून बंद करायचे. तू दिराशी भांडायचं नाही, हे तुझ्या मिस्टरांचं काम आहे. असे अचानक समोर येणारे फोटो म्हणजे सवय होते असं लोकांना वाटतं, "बघून बघून भीती जाईल", पण दुसऱ्याने आपल्या अंगावर फेकलेल्या भीतीने भीती जात नाही, वाढते. सवय होते ती तेव्हाच जेव्हा दोरी आपल्या हातात असते. हे वाक्य दिरांना वाचून दाखव हवं तर.

पप्पांना पण एकदा सांग. फोनवर नको, माहेरी गेलीस की सांग, तशी आखाजीला जाशीलच. पप्पा ती गोष्ट आता सांगू नका, मला तेव्हा खूप भीती वाटली होती आणि अजून वाटते. एवढंच. त्यांनी काय उत्तर द्यावं याची वाट नको बघूस, कदाचित गप्प बसतील, कदाचित उठून बाहेर जातील, खान्देशातले बाप असेच उत्तर देतात.

आता भीतीचं. मी स्वतः लहानपणी बहुरूप्याला प्रचंड भ्यायचे. धुळ्याला आमची गल्ली पांझरा नदीच्या जवळ, तिथे दरवर्षी सुगीनंतर एक बहुरूपी यायचा, कधी पोलीस बनून, कधी देवी बनून. देवीचं सोंग असलं की काळं तोंड आणि छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ, मी धान्याच्या कोठीमागे लपायचे आणि तो गेल्यावर सुद्धा तासभर बाहेर यायचे नाही. एका वर्षी आजीने त्याला ओट्यावर बोलावलं, "बठ रे भाऊ, चहा पी ले." आता जीभ लावून चहा कसा पिणार, तर त्याने दोन्ही हातांनी ती जीभ दातांतून काढली आणि बशीच्या बाजूला ठेवली. लाल कापड, आतून पुठ्ठा, दातात धरायच्या जागी कापड चावून चावून काळं पडलेलं. मी कोठीमागून बघत होते. आजी म्हणाली, "माणूसच शे वं माय, देख." त्याने चहा फुंकून फुंकून प्यायला, मिशीला चहा लागला तो पुसला, परत जीभ दातात धरली आणि पुढच्या घरी गेला. माझी भीती त्या दिवशी गेली नाही हं, हे मी खरं सांगते, पुढच्या वर्षी मी दाराआडून बघितलं, त्याच्या पुढच्या वर्षी उंबऱ्यावर, आणि चौथ्या वर्षी मीच त्याला चहाचा कप नेऊन दिला, हात थरथरत होता म्हणून अर्धा बशीत सांडला.

आजी शाळेत गेलेली नव्हती पण तिने जे केलं ते अगदी शास्त्रात बसणारं आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या मुलावर केलेलं काम छापलं, पीटर तेव्हा तुझ्या पोराएवढाच, तीन वर्षांच्या आसपासचा, आणि सशाला घाबरायचा. बाईंनी काय केलं, तो आवडीचं खात बसला असताना ससा पिंजऱ्यात ठेवून खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात आणला, मग थोडा जवळ, मग अजून जवळ, न घाबरणारी दुसरी मुलं पण आसपास ठेवली, आणि शेवटी पीटर सशाला हात लावून खेळायला लागला. आज शंभर वर्षांनी पण अशा भीतीवर सगळ्यात जास्त चालणारा उपाय हाच आहे, थोडं थोडं, पायरी पायरीने, समोर जायचं. गोळ्यांचं काम यात फार कमी असतं.

तू काय करतेयस ते उलटं आहे, आणि त्यात तुझी चूक नाही, सगळेच करतात. जोकर दिसला की पळालीस, कडी लावली, छातीतली धडधड थांबली. बरं वाटलं. पण जिवाने काय शिकून घेतलं, कडी लावली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो अजून लवकर पळायला सांगतो. आणि तू थांबली असतीस तर काय झालं असतं हे त्याला कधी कळतच नाही. खरं म्हणजे धडधड वाढते, वाढते, आणि पळालं नाही तरी काही वेळाने आपली आपण उतरते, शरीर फार वेळ तेवढ्या जोरात घाबरू शकतच नाही. हे स्वतःच्या अंगावर अनुभवलं की निम्मं काम झालं.

म्हणून पत्त्यांतला जोकर. तू जो काढून उलटा ठेवतेस तोच. तो घे आणि फ्रीजवर लाव, मॅग्नेटने, सरळ. सकाळी दूध काढायला गेलीस की बघायचा, लगेच नजर फिरवायची नाही, बघत उभं राहायचं. एक वही कर आणि शून्य ते शंभर मध्ये भीती किती वाटली ते लिही, पत्त्याला समजा पहिल्या दिवशी ३० वाटली, पाचव्या दिवशी १० वर येईल, मग तो कंटाळवाणा वाटायला लागेल. कंटाळा आला की पुढची पायरी. मोबाईलवर एक फोटो, तू स्वतः निवडलेला, साधा सर्कशीचा जोकर, ते भुतासारखे दात दाखवणारे रील्स मुळीच नकोत, त्याने कोणीही घाबरेल, ती काही प्रॅक्टिस नाही. मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग आवाजासकट, बँडचा आवाज तुला जास्त त्रास देईल असं मला वाटतं म्हणून तो वेगळा ऐक, नुसता बँड. मग दुकानातून ते प्लॅस्टिकचं लाल नाक आण आणि आधी स्वतः लाव, आरशासमोर, कारण त्या नाकाच्या मागे कोण आहे हे तुला पक्कं माहीत असेल. मग मिस्टरांना लाव, तुझ्या हाताने लावायचं आणि तुझ्या हाताने काढायचं.

एक नियम मात्र पाळ. भीती शिखरावर असताना सोडून उठायचं नाही, निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, पाच मिनिटं लागोत की पाऊण तास. आणि अगदीच नाही झालं, उठलीसच, तर हरकत नाही, त्याच दिवशी खालच्या पायरीवर परत जायचं. आणि घाई नाही. स्वीडनमध्ये लार्स-योरान ऑस्ट यांनी अशी भीती एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत काढायची पद्धत बसवली आणि ती चालते, पण ती शिकलेल्या माणसाबरोबर करायची असते, घरी एकटीने नाही.

शेवटची पायरी माझ्या आजीची आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. जोकरचं काम करणाऱ्या एखाद्या माणसाला, तुझी तयारी झाल्यावरच, घरी बोलवायचं पण साध्या कपड्यात, रंग न लावता. त्याला चहा द्यायचा, कुठला गाव, पोरं किती ते विचारायचं. मग त्याने तुझ्यासमोर बसून रंग लावायचा, आधी पांढरा, मग ओठ, मग नाक, आणि प्रत्येक थराला तू "थांबा" म्हणालीस की त्याने थांबायचं. हे त्याला आधी सांगून ठेवायचं आणि वेळेचे पैसे द्यायचे. सारंगखेड्याला तू सोड म्हणालीस तेव्हा थांबलं नव्हतं ना कोणी, इथे तो थांबेल. मला वाटतं तुला खरी गरज याचीच आहे.

पोराबद्दल आता. तू विचारलं नाहीस पण पत्रात तीनदा त्याचा उल्लेख आहे, त्याला पण लागेल का ही भीती, हेच ना? दोन ते पाच वर्षांच्या पोरांना मुखवटे आणि रंगवलेली तोंडं आवडत नाहीत हे एकदम नॉर्मल आहे, डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात सुद्धा मुलांच्या भीतीची उदाहरणं देताना मोठा आवाज आणि सोंग घेतलेली पात्रं अशी दिलीयत. बहुतेकांचं वयाने आपोआप जातं. पण पोरं नवीन काही दिसलं की आधी आईच्या तोंडाकडे बघतात, हे पण खरंय. त्यामुळे त्याच्यासमोर हिरो बनायची गरज नाही, खोटं बोलायची पण नाही, "आईला लहानपणी जोकरची भीती वाटायची, आता आई शिकतेय" एवढं तीन वर्षांच्या पोराला कळतं. आणि तो कुठल्याही जोकर, मिकी माऊस, हत्तीच्या ड्रेसवाल्यासमोर रडला तर फोटोसाठी त्याला मांडीवर बसवायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. लांबून बघू दे, जवळ जायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. या एका बाबतीत मी तुला भांडायची परवानगी देतेय, सासूबाईंशी सुद्धा.

आणि बर्थडे. दिरांना सांगून टाक, या वर्षी जोकर नाही. ही माघार आहे असं समजू नकोस, तुझ्या पायऱ्या तुझ्या वेगाने चालू राहतील आणि त्या आखाजीपर्यंत पूर्ण व्हायलाच पाहिजेत असं काही नाही. तीन वर्षांच्या पोराला जोकर लागत नाही गं, फुगे, बुढ्ढी के बाल, अंगणात एक झोका बांधला की तो खूश. अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर त्याच इव्हेंटवाल्याकडून फुग्यांची कमान करून घ्या, पैसे वाया जाणार नाहीत आणि दिरांचा मान पण राहील.

डॉक्टरकडे कधी जायचं? ही भीती सहा महिन्यांच्या वर टिकलेली आहे आणि तिच्यामुळे घरचे कार्यक्रम चुकतायत, म्हणजे तू गेलीस तर कोणी उगाच आली म्हणणार नाही. वहीतल्या पायऱ्या दोन महिन्यांत पुढे सरकल्या नाहीत, किंवा रात्री तीच स्वप्नं पडायला लागली, छातीत धडधड एरवी पण व्हायला लागली, तर थांबू नकोस. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, शिरपूरहून तासाभराचा रस्ता. आणि तेही लगेच जमत नसेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दुपारी सगळे झोपले की गच्चीवर जाऊन लाव.

आखाजीला पत्त्यांचा डाव बसेलच तुमच्याकडे, पप्पा पण असतील. जमलं तर त्या दिवशी पत्ते पिसायला तू घे, जोकर न काढता. जमलं की नाही ते मला कळव, नाही जमलं तर तेही कळव.